दूरचें दुःख

परदुःख शीतळ, असें आपल्या वाडवडिलांनीं म्हणून ठेविलें आहे. वाडवडिलांच्या पुष्कळ म्हणी आम्हीं वर्गांत विद्यार्थ्यांसमोर खोडून काढल्या. ही एक मात्र आम्हांस अद्यापि खोडतां आलेली नाहीं. सकाळीं चहाचा पेला हातीं घेऊन दोनशें माणसें दगावल्याची बातमी वाचावी, क्षणभर हळहळावें, आणि पान उलटून उसाच्या दराकडे वळावें, हा क्रम आमच्या बारामतींत जसा आहे तसाच तो अन्य गांवींही असेल. यांत कोणी दुष्ट असतो असें नव्हे. माणसाच्या मनाची धांवच मुळीं बेताची. आपलें घर, आपली आळी, फार तर आपला तालुका, येथपर्यंत तें आपण होऊन जातें. त्यापुढें त्यास ढकलून न्यावें लागतें. हें ढकलण्याचें काम शिक्षणानें करावें अशी अपेक्षा असते, आणि जवळजवळ तीस वर्षें तें काम आम्ही इमानानें करीत आलों, अशी आमची समजूत होती. ती समजूत एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें कशी ढिली केली, तें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

३० जुलै २०२४ च्या पहांटे केरळांतील वायनाड जिल्ह्यांत मेप्पाडीच्या बाजूस डोंगर खचला. मुसळधार पावसानें फुगलेली माती खालच्या खडकावरची आपली पकड सोडते, आणि एकदां ती निसटली म्हणजे झाडें, शिळा, घरें यांसह चिखलाची नदी होऊन उतारावरून धांवत सुटते. मुंडक्कै आणि चूरलमला हीं खेडीं अशा नदीच्या वाटेंत सांपडलीं. लोक झोंपेंत होते. दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. कित्येकांचीं शरीरें चालियार नदीच्या पात्रांत कोसच्या कोस खालीं वाहून गेलेलीं आढळलीं. मधला पूल वाहून गेल्यामुळें पलीकडचीं माणसें अडकून पडलीं. तेव्हां लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपनें तेथें १९० फूट लांबीचा लोखंडी बेली पूल उभारिला, व १ ऑगस्ट रोजीं तो पुरा झाला. त्या कामावरील मेजर सीता शेळके या पारनेर तालुक्यांतील गाडीलगांवच्या, हें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें, आणि त्या दिवशीं आमच्या अध्यापकांच्या खोलींत वायनाड एकाएकीं जवळ आलें. दोन दिवस जीं मृत माणसें केवळ एक आंकडा होतीं, तीं 'आपली मुलगी तिकडे आहे' एवढ्या एका नात्यानें माणसें झालीं. आम्हीही त्या आनंदांत सामील होतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

त्याच दिवशीं दुपारीं महाविद्यालयांत मदतफेरी काढण्याचें ठरलें. जुने कपडे, चादरी, भांडीं, जें जमेल तें गोळा करावें आणि एका ट्रकांतून रवाना करावें, असा बेत झाला. वय आणि अनुभव पाहून समितीचें प्रमुखपण आमच्याकडे आलें. अनुभव म्हणजे १९९३ सालीं विद्यार्थिदशेंत आम्ही किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडे जाऊन आलों होतों, आणि ती हकीकत दर वर्षीं कोणत्या ना कोणत्या निमित्तानें वर्गांत सांगत आलों होतों.

सभा संपल्यावर मागच्या बांकावरचा एक मुलगा टेबलापाशीं येऊन उभा राहिला. हा इंदापूर तालुक्यांतला, भिगवणच्या बाजूचा. त्याच्या वाडवडिलांचें शेत उजनीच्या पाण्याखालीं आहे. हिंवाळ्यांत पुण्याहून मोटारी करून लोक जेथें रोहित पक्षी पाहावयास जातात, तेंच हें पाणी. कडक उन्हाळ्यांत जलाशय आटला कीं पळसदेवचें जुनें देऊळ उघडें पडतें, आणि त्याची आजी त्या दिशेकडे तोंड करून हात जोडते, असें त्यानें एकदां निबंधांत लिहिलें होतें. निबंधाचें व्याकरण वाईट होतें म्हणून आम्हीं त्यास गुण कमी दिले होते.

"सर, एक विचारू का?" तो म्हणाला. "तिकडं काय लागतंय, हे कुणी विचारलंय का?"

आम्हीं जरा त्राग्यानेंच सांगितलें, कीं अशा प्रसंगीं सर्वच लागतें. विचारीत बसण्याची ही वेळ नव्हे. तो कांहीं बोलला नाहीं. जातां जातां एवढेंच म्हणाला, "सर, परवाची तारीख माळीणची होती."

आम्ही चमकलों. ३० जुलै २०१४! आमच्याच पुणें जिल्ह्यांत, आंबेगांव तालुक्यांत, माळीण गांवावर असाच डोंगर आला होता. सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. ज्या ठिकाणीं रोज गाडी नेत होता तेथें गांवच उरलें नाहीं, हें पहिल्यानें एका एस. टी. चालकाच्या ध्यानांत आलें, आणि त्यानें खबर दिल्यावर मदत धांवली. त्या गोष्टीस वायनाडच्या दिवशीं बरोबर दहा वर्षें होत होतीं, आणि आमच्या खोलींतील वीसबावीस पदवीधरांपैकीं एकासही तिची आठवण झाली नव्हती. दूरपणा केवळ कोसांनींच मोजावयाचा नसतो. आपल्याच जिल्ह्यांतलें गांव दहा वर्षांत केरळाहून दूर जाऊं शकतें.

पुढें दोन दिवस हा मुलगा वर्गांत दिसला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आला तेव्हां त्याच्या हातांत एक शंभरपानी वही होती. आमच्या गांवांतून भिगवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मल्याळी गृहस्थाचें पंक्चर काढण्याचें दुकान आहे. वीस-बावीस वर्षें तो येथें आहे. आमच्या स्कूटरचें चाक त्यानें अनेकदां दुरुस्त केलें आहे. परंतु तो कोठला, हें विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नव्हतें. हा मुलगा त्याच्याकडे गेला आणि त्यानें पहिला प्रश्न केला, तो, "तुमची माणसं बरी हायेत ना?" असा. त्या गृहस्थाचें घर पालक्काडकडचें. घरचीं मंडळी सुखरूप होतीं. पण हातांतली पकड खालीं ठेवून तो म्हणाला म्हणे, "तीन दिवसांत असं विचारणारा तू पहिला."

त्याच्या नात्यांतली एक बाई मेप्पाडीकडे शिक्षिका होती. त्यानें तिला मोबाईलवरून गांठलें, आणि एकाचें मराठी व दुसरीचें मल्याळम यांच्यामध्यें तो स्वतः दुभाष्या झाला. तिचीं उत्तरें मुलानें वहींत लिहून घेतलीं होतीं. तीं आम्हीं वाचलीं. कपडे पाठवूं नका. कपडे पुष्कळ आले आहेत. शाळांतून आश्रयछावण्या आहेत. पैसे द्यावयाचे असतील तर सरकारी निधीस द्या. आणि शेवटीं एक वाक्य होतें, त्याखालीं त्यानें दोन रेघा ओढल्या होत्या: 'आज सगळे देत आहेत. तीन महिन्यांनीं विचारा.'

तोंपर्यंत आमच्या सभागृहांत कपड्यांचा ढीग कमरेएवढा झाला होता. त्या ढिगापुढें आम्ही आणि तो असे दोघेच उभे राहिलों. त्यानें एक सदरा उचलला. त्यास एकही गुंडी नव्हती. एक साडी उचलली. ती मधोमध विरली होती. लग्नांतला एक कोट होता, आणि ज्यांच्या जोडीचा पत्ता नाहीं असे पायमोजे होते. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अशाच जुन्या कपड्यांच्या राशी रस्त्याच्या कडेला पडून राहिल्या होत्या, हें आम्हीं वाचलेलें होतें. परंतु वाचलेलें सारेंच वेळेवर आठवतें असें नाहीं. मुलानें विचारलें, "सर, ज्यानं त्यानं आपलं बोचकं परत न्यावं, असं सांगू का? मी एवढंच विचारीन, कीं हे तुम्ही स्वतः घालाल का?" आम्हीं होकार दिला. दुसऱ्या दिवसापासून तो दाराशीं उभा राहिला व हा एकच प्रश्न करीत राहिला. कोणी रागावले, कोणी हंसले, कित्येक ओशाळून गांठोडें घेऊन गेले. कपड्यांऐवजीं पैसे द्यावे असें त्यानें सुचविलें, आणि दहा रुपये देणाराचेंही नांव वहींत लिहून त्यास पावती दिली. रक्कम फार जमली नाहीं. ट्रक भरला असता तर तिचें छायाचित्र निघालें असतें. बँकेच्या पावतीचें छायाचित्र कोण काढणार?

त्या पैशांत पांचशें रुपये त्याच्या आजीचे होते. एवढे पैसे त्या म्हातारीनें कोठून व कां दिले, असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्यानें तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "बहात्तर सालीं आमी खडी फोडली. कामावर सुकडी मिळायची, कंट्रोलात तांबडी मिलो मिळायची. ती कुणी धाडली, ते आमाला ठावं न्हवतं. आता आपलं कुणी धाडलं, ते त्यास्नी तरी कशाला ठावं पायजे?"

अर्थशास्त्राच्या आणि नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून दानासंबंधीं आम्हीं जें कांहीं वाचलें आहे, त्यांत याहून नेमकें असें फारच थोडें आहे. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील लक्षावधि माणसें दुष्काळी कामांवर होतीं, आणि त्यांच्या पोटांत गेलेल्या मिलोचे दाणे सातासमुद्रांपलीकडच्या शेतांत पिकलेले होते. त्याच्याही मागें जावें, तर आज बारामती-इंदापूरचा जो हिरवागार पट्टा आम्ही पाहुण्यांस अभिमानानें दाखवितों, तो ज्या नीरा डाव्या कालव्यावर पोसला, त्या कालव्याची निकड १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानें पटविली होती; १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी या कोरड्या रानांत खेळूं लागलें. तेव्हां आमचें सारें वैभवच मुळीं एका जुन्या आपत्तीच्या उत्तरांतून उगवलेलें आहे. आम्ही उसाच्या सावलींत वाढलेलों, म्हणून देतांना आम्ही दाते होतों. त्या म्हातारीनें खडी फोडलेली, म्हणून देतांना ती केवळ ऋण फेडीत होती. दात्यास आभाराची अपेक्षा असते; ऋण फेडणारास केवळ मोकळें वाटतें.

ऑगस्टच्या अखेरीस एका संध्याकाळीं तो आमच्या घरीं आला. चहा झाल्यावर म्हणाला, "सर, किल्लारीला तुम्ही काय काय केलंत, ते नीट सांगा ना. वर्गात थोडक्यात सांगता."

वर्गांत आम्ही सांगत असूं तें असें. ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट. अनंत चतुर्दशीला गणपति बोळवून लोक थकून झोंपलेले. चार वाजण्याच्या सुमारास जमीन हादरली. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतलीं बावन्न खेडीं भुईसपाट झालीं. सरकारी गणतीनेंच आठ हजारांच्या घरांत माणसें मेलीं. दगडमातीच्या हात-दीड हात रुंद भिंती आणि वर मातीचीं जाड माळवदें, जीं उन्हाळ्यांत गारवा देत, तींच अंगावर आलीं. दक्खनचें पठार भूकंपापासून सुरक्षित, असें भूगोलांत शिकलेल्या आम्हां मुलांस तो एक निराळाच धडा होता. मग पाऊस, चिखल, जवानांची मेहनत, आणि पुण्याहून ट्रकांत बसून गेलेले आम्ही दहा-बारा विद्यार्थी. एवढें सांगून आम्ही थांबत असूं, आणि वर्ग स्तब्ध होत असे.

त्या संध्याकाळीं मात्र आम्ही तेथें थांबलों नाहीं. कां, तें सांगतां येत नाहीं. कदाचित् त्या वहीमुळें असेल. किल्लारीजवळच्या एका खेड्यांत आमचा ट्रक उभा राहिला आणि आम्हीं कपड्यांचीं बोचकीं खालीं टाकलीं. एक म्हातारी बाई आली. तिनें ढीग पाहिला, पण हात लावला नाहीं. आमच्यापैकीं एकानें तिच्यापुढें लुगडें धरलें. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "लेकरा, लुगडं ऱ्हाऊ दे. हितं खाली माझं जवारीचं बी हाय. पेरणीचं दिस चाललं. तेवढं उकरून दे, बाबा." तिनें दाखविलेल्या जागीं दगडांचा एक ढीग होता. दिवस आश्विनाचे, रब्बीची ज्वारी पेरावयाची तर तेच दिवस. सहा जणांनीं तीन-चार तास खपलें असतें, तर तें बी निघालें असतें. पण ट्रक संध्याकाळपूर्वीं परतावयाचा होता, आणि आम्हांस दुसऱ्या दोन गांवीं बोचकीं टाकावयाचीं होतीं. आम्हीं तिला सांगितलें, उद्यां दुसरी तुकडी येईल, ती काढून देईल. दुसरी तुकडी येणार आहे किंवा नाहीं, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. ती "बरं" म्हणाली. रागावली नाहीं, रडली नाहीं. त्या 'बरं'चा उच्चार एकतीस वर्षें आमच्या कानांत आहे; आणि एकतीस वर्षें तो आम्हीं कोणास सांगितला नव्हता, घरांतही नाहीं.

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "निघालं का हो, सर, तिचं बी?"

"ठाऊक नाहीं," आम्हीं म्हटलें.

"परत गेला न्हवता का?"

या प्रश्नांत दोष देण्याचा लेशही नव्हता, आणि म्हणूनच तो आम्हांस झोंबला. आम्ही परत गेलों नव्हतों. पहिल्या वर्षीं परीक्षा होती. मग नोकरी, मग संसार. लातूरकडे लग्नामुंजीच्या निमित्तानें जाणें झालें, पण गाडी तिकडे वळवावी असें कधीं वाटलें नाहीं. खरें सांगावयाचें तर वाटलें, आणि म्हणूनच वळविली नाहीं.

दिवाळीच्या सुटींत, ३० ऑक्टोबर रोजीं, तो मुलगा पुन्हां पंक्चरच्या दुकानीं गेला. तारीख वहींत ऑगस्टांतच लिहून ठेविलेली होती. शिक्षिका बाईंना प्रथम त्याची ओळखच पटेना. मग, आपण विचारा म्हटलें होतें म्हणून खरोखरच कोणी विचारीत आहे, असें पाहून त्या थोड्या घोटाळल्या. छावण्या उठल्या होत्या, लोक भाड्याच्या घरांतून विखुरले होते, आणि वर्तमानपत्रांतून वायनाड नाहींसें झालें होतें. आपण ज्या मुलांस शिकवितों त्यांतलीं कांहीं रात्रीं पाऊस लागला कीं झोंपत नाहींत, असें त्या म्हणाल्या. त्यावर काय पाठवावें, हें त्यांसही सांगतां येईना. मुलानें वहींत तेंही लिहून घेतलें, आणि पुढची तारीख घातली. पुढें २७ मार्च २०२५ रोजीं कल्पेट्टा येथें नव्या वसाहतीची कोनशिला बसली, ती बातमी आमच्या येथें पहिल्यानें कळली ती त्या पंक्चरच्या दुकानांत.

आणि आम्ही? जानेवारींत, संक्रांतीनंतरच्या एका रविवारीं, आम्ही किल्लारीस गेलों. नवीं गांवें जुन्या जागा सोडून वसविलेलीं आहेत. रस्ते रुंद, घरें ओळीनें. आम्ही गेलों होतों तें खेडें शोधण्यास वेळ लागला. त्याच्या जुन्या जागीं दगडांचे ढीग अजून होते, त्यांवर बाभळी माजल्या होत्या, आणि चारी बाजूंस ज्वारी निसवून उभी होती. साठीचा एक शेतकरी भेटला. आम्हीं त्यास सर्व सांगितलें; बाईचें नांव आम्हांस ठाऊक नव्हतें, घराची खूणही सांगतां आली नाहीं. तो म्हणाला, "अशा लई जणी होत्या. ज्यानं त्यानं जमंल तसं आपापलं उकरलं. कुणाचं निघालं, कुणाचं कुजलं." नंतर थोडें थांबून त्यानें विचारलें, "तुमी आता कशापायीं आलाव?"

"विचारावयास," आम्हीं म्हटलें.

"एकतीस वर्सांनी?" असें म्हणून तो हंसला. तें हंसणें क्षमेचें होतें किंवा नव्हतें, हें आम्हांस ठरवितां आलें नाहीं. ठरविण्याचा अधिकारही आमचा नव्हता. त्यानें आम्हांस बांधावर बसविलें, आगटी पेटविली, आणि हुरडा भाजून हातावर दिला.

परत आल्यावर आम्हीं हें त्या मुलास सांगितलें. त्यानें समाधान दाखविलें नाहीं, कीं शाबासकीही दिली नाहीं. "मग ती बाई नाहीच सापडली," एवढेंच म्हणाला, आणि तें खरें होतें. कांहीं देणीं मुदतीनंतर फेडतां येत नाहींत.

आमच्या निबंधांच्या गठ्ठ्यांत त्याचा पळसदेवच्या देवळावरचा तो जुना निबंध अजून आहे. परवां तो आम्हीं पुन्हां वाचला. व्याकरण वाईट आहे, यांत शंका नाहीं. गुण बदलण्याची मुदत गेली आहे, हेंही खरेंच. तरी समासांत लाल शाईनें लिहिलेल्या आमच्या शेऱ्याखालीं एक प्रश्न आम्हीं पेन्सिलीनें लिहून ठेविला आहे. पुढल्या सत्रांत तो भेटेल तेव्हां विचारावयाचा आहे. पाण्याखालीं गेलेल्या त्या शेतांत त्याचे आजोबा काय पेरीत असत?